आपोआप उघडणारा तंबू

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला महेश कंपनीच्या कामाला अमेरिकेला गेला, आणि येताना आपोआप उघडणारा तंबू घेऊन आला. आम्ही दोन्ही कुटुंबांनी वॉटर पार्कला जायचं ठरवलं, तर हा म्हणे, "हॉटेल कशाला? तिकडे सगळे पार्कबाहेर तंबूतच राहतात. सकाळी रांगेत पहिला नंबर!"

राहिलो. तंबू झटक्यात उघडला होता, पण सकाळी काही केल्या मिटेना. एक बाजू दाबली की दुसरी उसळायची. पार्कचं गेट उघडलं, पोरं रडकुंडीला आली. शेवटी महेशची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "अहो, तुमचं चालू द्या. आम्ही भिजून येतो."

संध्याकाळी बाहेर आलो, तर महेश घामानं भिजलेला आणि तंबू तसाच ताठ.

"पुढच्या वेळी मोठा आणू," तो म्हणाला.

"मोठा कशाला?" वहिनी गाडीत बसत म्हणाल्या. "तुम्हाला एकट्याला हाच पुरेल."