सायझिंगचं मंच्युरियन

ताईला बघायला अंजूरहून पाहुणे आले होते, तेव्हाची गंमत तुम्हाला सांगितलीच नाही की! टीव्हीवर बघून ताईनं त्यांच्यासाठी मंच्युरियन करायचा हट्ट धरला आणि मला कॉर्नफ्लोअर आणायला पिटाळलं. धामणकर नाक्यावर दुकानादुकानात एकच उत्तर, “वो नहीं रखते, भाई.” शेवटी एक वाणी म्हणाला, “मक्याचा स्टार्चच ना? सायझिंगच्या कारखान्यात मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, तिथं पोत्यानं असतो.” तिथून आणला पिशवीभर!

मुलाच्या वडिलांची स्वतःची सायझिंग आहे, हे आम्हाला कुठं ठाऊक? त्यांनी रस्सा तोंडाला न लावता आधी दोन बोटांत चोळला, तार ओढून बघितली. ताई रडायच्या बेतात.

“पोरी, ही खळ तू शिजवलीस?”

“हो...”

“आमच्या खळ शिजवणाऱ्या मास्तरला आजवर अशी जमली न्हाय. तारीख काढा!”