पालथे सुभेदार

अरे, परदेशात शिकून सांगलीत आलो तेव्हा वाटायचं, डोळ्याचा पडदा बसवला की आपलं काम झालं. कडेगावच्या एका निवृत्त सुभेदारांचा सुटलेला पडदा बसवला, तो जागेवर दाबून राहावा म्हणून डोळ्यात गॅस भरला आणि बजावलं, “आठवडाभर पालथं झोपायचं. मान वर केली तर डोळा जाईल.” फौजी माणूस, हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी धावत आल्या. “डॉक्टर, थोरलं दीर जुनं भांडण मिटवायला आल्यात, आन ह्यांनी तोंडसुदीक वर केलं न्हाई! ते रागानं निघाल्यात.”

मी थोरल्यांना जिन्यात गाठलं आणि पडदा, गॅस, सगळं समजावलं.

“आवं, दारात आलेल्या भावाला पाठ दाखवायची, ही कुठली रीत?”

“पण मान उचलली तर डोळा जाईल त्यांचा!”

ते तडक वॉर्डाकडे वळले. ओढून उठवतात की काय, म्हणून मी मागे पळालो. आत पाहतो तर थोरले गायब आणि खाटेखालून दोन पाय बाहेर आलेले! फरशीवर उताणे पडून ते वर बघत होते. खाटेच्या कडेवरून सुभेदारांचं डोकं खाली लोंबत होतं.

“दादा, मिशा पिकल्या की रं तुझ्या!”

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “भेटायची वेळ संपली.”

खाटेखालून आवाज आला, “थांबा की बाई! लय सालांनी तोंड बघायला गावलंय.”