मर्लची काडतुसं

अर्डिस : जिन्यावरून बोलू नकोस, ड्वेन. खाली ये, आणि हा दांडा वर जाईपर्यंत तोंड बंद ठेव. ...हं, झालं. आता बोल.

ड्वेन : काकू, काडतुसं भरायच्या यंत्रावर तुम्ही? मला वाटलं काका असतील. काम त्यांच्याकडेच होतं.

अर्डिस : ते काय, खुर्चीत. पेपरामागे.

मर्ल : ये रे ड्वेन. कॉफी घेतोस?

ड्वेन : नको काका. नेमबाजी क्लबच्या कमिटीचा निरोप आहे. रविवारचं तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचा फुसका बार झाला, छर्रे पायाशी सांडले आणि काडतुसातलं बूच बंदुकीच्या नळीतच अडकलं. मी ‘थांबा’ म्हणून ओरडलो म्हणून बरं. पुढचा बार काढला असतात तर बंदूक हातात फुटली असती. शेजारी माझी पोर, ब्रिटा, उभी होती हो.

अर्डिस : अगं बाई! आणि हे मला आत्ता कळतंय? अहो, घरी येऊन म्हणालात, डोकं दुखतंय!

मर्ल : दुखतच होतं.

ड्वेन : तर कमिटीनं ठरवलंय, मर्लची घरी भरलेली काडतुसं क्लबात बंद. दुकानातली आणा आणि खुशाल नेमबाजीच्या मातीच्या थाळ्या फोडा.

मर्ल : ठीक आहे. कमिटीचं बरोबर आहे.

अर्डिस : काय ठीक आहे?

मर्ल : अगं, जाऊ दे ना.

अर्डिस : का जाऊ दे? ड्वेन, नीट ऐक. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून या घरातलं एकेक काडतूस मी भरलंय. गेल्या जत्रेत ज्या काडतुसांवर तू कप मारलास ना, यांच्याकडून उसनी नेलेली, तीसुद्धा.

ड्वेन : काय सांगता! आम्ही तर म्हणतो, काडतूस असावं तर मर्लचं.

अर्डिस : म्हणा की. हे हसून घेतात, मी ऐकून घेते. शेजारची लॉरीन रजई शिवते तर कोपऱ्यात आपलं नाव घालते. माझ्या कामावर नाव यांचं. असो, संसारात एवढं चालायचंच. पण फुसका बार? माझ्या हातून? ते नाही मी ऐकून घ्यायची!

ड्वेन : चूक कोणाचीही होते, काकू.

अर्डिस : होते ना. म्हणूनच दांडा खाली असताना मी कोणाशी बोलत नाही. नवऱ्याशी नाही, पाद्र्याशी नाही. त्या दिवशीची उरलेली आणलीस? ठेव इथे, उजेडात.

(अर्डिस एक काडतूस बोटांत फिरवून बघते. मग दुसरं.)

अर्डिस : ही माझी नाहीत.

ड्वेन : काकू, डबा तर तुमच्याच घरचा आहे.

अर्डिस : डबा माझा, काडतुसं नाहीत. काडतुसाच्या तोंडाच्या घड्या बघ. मी घडी मिटते ती ॲपल-पायच्या मुरडलेल्या कडेसारखी, मधे भोक म्हणून राहत नाही. यातून छर्रा डोकावतोय! ...अहो. पेपर खाली ठेवा. गुरुवारी मी बहिणीकडे गेले होते.

मर्ल : रेडिओवर मॅच होती.

अर्डिस : यंत्रावर बसून मॅच ऐकलीत?

मर्ल : शेवटची इनिंग होती गं. हात चालूच होता. काडतुसात दारू पडली की नाही... पडली असंच वाटलं.

ड्वेन : काका! माझी पोर होती तिथे!

मर्ल : ठाऊक आहे रे. तेव्हापासून झोप नाही मला.

अर्डिस : पण बसलात कशाला? कपाटात माझे भरलेले डबे होते की!

मर्ल : क्लबात त्या नव्या शाळामास्तरानं विचारलं, काडतुसात दारू कुठली घालता, मर्ल? मला सांगता येईना. सगळे बघत होते. म्हटलं, एक डबा तरी खरंच आपला असावा.

अर्डिस : मग मला विचारायचं. शिकवलं असतं.

मर्ल : कोणत्या तोंडानं विचारू?

अर्डिस : आणि आत्ता माझं काम बंद पडत होतं, तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणालात ते कोणत्या तोंडानं? फार लागलं हो मला ते.

ड्वेन : मग कमिटीला काय सांगू? बंदी उठवा म्हणू?

अर्डिस : मुळीच नाही! मर्लच्या काडतुसांवर बंदी, एकदम बरोबर. राहू दे. माझ्या काडतुसांवर नाही. रविवारी क्लबात माझे डबे घेऊन येते. हवं ते उचला, कापा, तोला. एक जरी हलकं निघालं तर हे यंत्र मी स्वतः नदीत टाकीन.

ड्वेन : पण तुम्ही क्लबच्या मेंबर नाही, काकू.

अर्डिस : मग कर मेंबर. दर रविवारी माझी खीर ओरपता तेव्हा नाही विचारत कोणी!

ड्वेन : करतो, मीच नाव सुचवतो. पण काकांचं सगळं बाहेर पडेल.

अर्डिस : पडू दे. तुझी पोर धडधाकट आहे, त्यापुढे यांची अब्रू काय घेऊन बसलास!

मर्ल : मग रविवारी मी काय दुकानातली आणू?

अर्डिस : कशाला? घरात आहेत की.

मर्ल : देशील?

अर्डिस : देईन. तिथे क्लबात, सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून मागा. मोठ्यानं. माझं नाव घेऊन.

मर्ल : अर्डिस, तुझी काडतुसं दे.

अर्डिस : इथे नाही. तिथे.