म्हशीची लाथ

चौऱ्याऐंशी साली खानापूरच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. शेजारचं बोलणं ऐकायला माझा खोकलासुद्धा थांबला.

"यल्लव्वा, डोळा किती सुजलाय गं!"

"म्हशीनं लाथ मारली, आक्का."

"परत? लई नेम धरती की तुझी म्हैस! नवरा भाईर विडी ओढतोय तवर ऐक. घरात मार खाल्लेली बाई कशी वळखायची, ते डॉक्टर बेळगावला शिकून आल्यात. आत एकटीलाच इचारत्यात. खरं सांग."

"यल्लव्वा कोण? या आत," डॉक्टरांनी दारातून हाक मारली.

"मी बी येतो, डॉक्टर. नवरा हाय मी तिचा."

"नाही, तुम्ही बाकावर बसा."

तो माझ्याशेजारी टेकला. पडदा सरकला.

"बाई, कुणी मारलं?"

"म्हशीनंच, डॉक्टर. भाईर बाकावर बसलीया."