आमेनच्या आधी

टक्… टक्…

ऐकलंत, मंडळी? हे मी टाळाच्या कडेवर नखानं वाजवलं. पण तिथं, त्या घरात, असाच आवाज खाटेच्या खालून आला. घर कसं? चूल शांत, माणसं शांत, भिंतीकडे तोंड करून झोपलेला घरधनी तर दोन महिने शांत! आणि त्या शांततेत – टक्… टक्.

आवाज कसला ते सांगते, पण आधी एक विचारते. दुःखातल्या माणसाला देव धीर देतो, हे आपण रोज म्हणतो. पण ज्या माणसाला धीर नकोच आहे – जो म्हणतो, मला उठवू नका, माझं झालं – त्याला देव धीर पाठवतो कसा? आणि कुणाच्या हातून? तुमच्या? माझ्या? बघू या हं.

(माझी करुणा इथं मांडीवरच आहे. चार वर्षांची आहे, मधेच बोलेल. सांभाळून घ्या. तिच्या झोपेच्या वेळातून चोरून चोरून हे आख्यान लिहिलंय, तेव्हा त्यात तिचाही हक्क आहे.)

म्हणा माझ्यामागून –
_पंखाखाली तुझ्या, देवा, घे रे आम्हा,_
_पाय थकले, वाट सरेना, तूच विसावा आम्हा._

तर प्रवरेच्या काठी एक गाव. गावात आपली ख्रिस्ती वस्ती, वस्तीत शांतवन भिंगारदिवे नावाचा गवंडी. काय गवंडी! तीन मजले उंच परांचीवर हा एका फळीवरून असा चालायचा, की खालून बघणाराचे पाय लटपटायचे. आणि एक दिवस फळीच सरकली. मांडीचं हाड मोडलं. दवाखाना झाला, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालंही. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. आता पाय टाक. टाकलास तर सुगीच्या सणाला चालत देवळात जाशील. नाही टाकलास तर गुडघा आखडेल, मग मी काही करू शकणार नाही.

शांतवन एकदा उभा राहिला. जीवघेणी कळ आली, धाडकन पडला. त्या दिवशी त्यानं भिंतीकडे तोंड केलं ते केलं. तीन मजल्यांवर न घाबरणारा माणूस हातभर उंचीच्या खाटेवरून उतरायला घाबरला. हसू नका, बायांनो. भीतीला उंची लागत नाही.

आता मंडळीत कुणी आजारी पडलं की आपण काय करतो? भेटीला जातो! एक वचन, एक डबा आणि एक गोष्ट – आमच्या चुलत्याचाही असाच पाय मोडला होता, शेवटी कापावा लागला. आता हा धीर झाला का? डबा तेवढा छान होता म्हणे. शांतवनची बायको मालन मोठी हजरजबाबी. तिनं एका बाईला सांगितलं, "काकू, पुढच्या वेळी पाय वाचलेला चुलता घेऊन या."

पण मालन आतून खचली होती. सकाळी शिवण, दुपारी दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी. घरात एकच गोष्ट भरलेली – कोंबडीचं खुराडं. त्यातली एक कोंबडी, राणी, ही देवाची. तुम्हाला ठाऊकच आहे आपली रीत. सुगीच्या सणासाठी घरटी एक कोंबडी देवाच्या नावानं सोडायची. तिची पिल्लं टोपलीत घालून सणाला वेदीपुढं न्यायची. तिला कापायचं नाही, कितीही नड असो. आणि ही राणी खुडूक झाली, अंडी उबवायला आली. बसली कुठं? खुराडं सोडून थेट शांतवनच्या खाटेखाली! मालननं तिथंच टोपली सरकवून तिच्याखाली अंडी ठेवली.

मग त्यांची मुलगी शलोमी, दुसरीतली. एकविसाव्या दिवशी शाळेला निघताना बापाच्या पाठीला म्हणाली – तोंड भिंतीकडे होतं ना, म्हणून पाठीलाच – "पप्पा, मी शाळेत, आई शेतात. राणीकडे तुम्ही बघायचं. झोपून बघितलं तरी चालेल."

बघा! सगळी वस्ती त्याला म्हणत होती, ऊठ. ही एकटी म्हणाली, झोपून बघ.

आणि त्या संध्याकाळी – टक्… टक्. अंड्याला आतून चोच लागली होती. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा शांतवन भिंतीकडून वळला. खाटेच्या कडेवरून मान खाली घालून बघत बसला. मालननं विचारलं, काय दिसतं? म्हणाला, "एकटंच आतून फोडतंय गं. कुणी मदत करत नाही."

तिसऱ्या दिवशी पिल्लं पिवळ्या कापसासारखी घरभर लुडबुडायला लागली. आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी शांतवनसाठी घरसभा! माणसं येणार, राणी अंगावर धावेल, म्हणून मालननं तिच्या पायाला चिंधी बांधून ती खाटेच्या पायाला अडकवली. म्हणजे खाटेवर एक अडकलेला, खाटेखाली एक अडकलेली.

घर भरलं. प्रार्थनेला उभे राहिले मंडळीचे वडीलधारे पुढारी, दौलतमामा. हे मोठे प्रार्थनावीर. यांची प्रार्थना आदामापासून निघते, महापुरातल्या तारवात चढते, मिसर देशात मुक्काम करते, आणि वाळवंट ओलांडेपर्यंत चुलीवरचा चहा दोनदा उकळतो. आणि आपला नियम काय? आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. काही झालं तरी! शिवाय सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात. घर नुसतं दणाणत होतं.

डोळे एकाचेच उघडे होते. शांतवनचे. तो रुसलेला होता ना देवावर.

त्यानं बघितलं – उंबऱ्यात मांजर. हळूच आत आली, एक पिल्लू तोंडात धरलं, गेली. राणी उसळली, चिंधीनं तिला मागं ओढलं. शांतवन ओरडला. लोकांना वाटलं, गडी अखेर देवाशी बोलायला लागला! त्यांनी आवाज आणखी चढवला. त्यानं मालनला हाक मारली, तर तिला इतका आनंद झाला की तिनं डोळे आणखी घट्ट मिटले.

मांजर पुन्हा उंबऱ्यात. दुसरं पिल्लू तिच्या पुढ्यात. राणी चिंधीला हिसडे देतेय. दौलतमामा अजून मिसरात!

मंडळी, त्या क्षणी त्याला पाय आठवला नाही. शलोमी आठवली. झोपून बघा म्हणाली होती. झोपून भागणार नव्हतं.

आमेन झालं. दौलतमामांनी डोळे उघडले, तर खाट रिकामी! घाबरून म्हणाले, "एलीयासारखा जिताजागता वर स्वर्गात गेला की काय हा?"

वर कुठला? शांतवन दारात उभा. एक हात चौकटीला, एका मुठीत पिल्लू, कपाळावरून घाम गळतोय. मांजर कुंपणापल्याड. आणि तो समोर बघतोय – अंगणातला निंब, पलीकडं कापणीला आलेली बाजरी, तिच्यावर पाखरांचा थवा. दोन महिन्यांनी बघत होता.

मालन म्हणाली, "अहो, तुम्ही उभे आहात."

"आहे खरा," तो म्हणाला. "पण आता कुणीतरी बसवा मला."

किती हसले, किती रडले! दौलतमामा म्हणाले, बघा, माझी प्रार्थना ऐकली. शांतवन म्हणाला, "ऐकली, मामा. पण आमेन जरा लवकर झालं असतं, तर आणखी एक पिल्लू वाचलं असतं."

सुगीच्या सणाला तो लंगडत, शलोमीच्या खांद्यावर हात ठेवून, टोपली घेऊन वेदीपर्यंत आला. रोज पाय टाकायचा, रोज कळ सोसायची. पण भिंतीकडे पुन्हा तोंड केलं नाही.

आता मी तुमच्याकडे वळते. तुमच्याही वस्तीत, कदाचित घरातच, कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलंय. त्याला ऊठ म्हणू नका. त्याच्या हाती काहीतरी जिवंत सोपवा – एखादं रोप, एखादं लेकरू, एखादी खुडूक कोंबडी. त्याला सांगा, तुझी गरज आहे. आणि प्रार्थना जरूर करा, पण एक डोळा किलकिला ठेवा. प्रभू आपल्याला पंखाखाली घेतो. एक चिमणी जमिनीवर पडली तरी त्याला ठाऊक असतं, तो सगळं बघतो –

काय गं, करुणा? थांब ना राणी, आमेन होऊ दे. बरं, बोल.

"आई, देवाचे डोळे उघडेच होते ना? मग ते पहिलं पिल्लू?"