विमानाने फक्त पन्नास मिनिटं!

...नाही, मला एक सांगा, ही पन्नास मिनिटं मोजली कुणी? तुम्हाला सांगतो, चार वर्षं ऐकतोय! पोरगी सासरी निघाली, मी आपला भिंतीकडे तोंड करून डोळे पुसतोय, तर जावई खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "बाबा, रडता काय? विमानाने फक्त पन्नास मिनिटं!" जसं काही शेजारच्या खोलीतच नेतोय! आणि चार वर्षांत पोरगी माहेरी आली किती वेळा? दोनदा!

आता परवा तिचा फोन. "बाबा, गुरुवारी अकराला ऑपरेशन करून बाळ काढणारेत. मला आत नेण्याआधी तुम्ही समोर हवे." बायको म्हणाली, "आदल्या दिवशी बसने जाऊ. नऊ तास लागतात, पण माणूस पोचतो." मी कसला ऐकतोय! म्हटलं, "तू जा हाडं खिळखिळी करत. गिऱ्हाइकांचे कपडे शिवायचे पडलेत, मी सकाळी उडतो. फक्त पन्नास मिनिटं!"

अहो, पाचला घर सोडलं! विमानतळ गावाबाहेर, दीड तास. वर दोन तास आधी या म्हणे! तिथे त्या दारातून गेलो की टीं! पट्टा काढा. टीं! बूट काढा. टीं! शेवटी तपासणाऱ्याने माझी कॉलर उलटवली, तर आत सहा सुया! आता मी शिंपी माणूस, सुया कॉलरला नाही टोचायच्या तर काय जावयाला? "या कशाला?" म्हणे. म्हटलं, "विसरलो." "सहाच्या सहा?"... झालं, पुन्हा रांगेत!

बसलो एकदाचा, तर विमान जागचं हलेना. तासभर! ती हवाईसुंदरी हसून म्हणते, "लवकरच उड्डाण." म्हटलं, ताई, बस बंद पडली तर खाली उतरून धक्का तरी मारता येतो हो!

मग उडालं, आणि खोटं कशाला बोलू, पन्नास मिनिटांत पोचलं! पण उतरेना! खाली जागा नाही म्हणे. घिरट्या! पोरीचं गाव दिसतंय, रस्ते दिसतायत, यातलंच एक छप्पर तिच्या दवाखान्याचं, आणि मी वर लटकलेला! एकदाचं विमान उतरलं, तर दार उघडेना. का? शिडी यायचीय! तेवढ्यात फोन.

"बाबा, कुठे आहात?"

"पोचलो गं, पोचलो!"

"मग दिसत का नाही?"

"अगं, ती शिडी..." मागून नर्स म्हणाली, "चला ताई, फोन ठेवा." ठेवला तिनं.

दवाखाना तिथून आणखी तासभर! धापा टाकत पोचलो, तर बाकावर आमची बायको, झोप झालेली, केस विंचरलेले! टोमणासुद्धा मारला नाही हो, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "आत जाताना दोनदा वळून दाराकडे बघितलं तिनं."

मग नर्स दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आली. मुलगी! आई सुखरूप. गाठोडं जावयाच्या हातात दिलं, आणि हा चार वर्षं मला पन्नास मिनिटं ऐकवणारा गडी, पोरीला छातीशी धरून ढसाढसा रडायला लागला! म्हणतो, "बाबा, हिला मी लांब नाही देणार. गल्लीबाहेरसुद्धा नाही!"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "देशील रे. हिच्या आईला हातात घेऊन मीही हेच म्हणालो होतो."