एक फोन चालू आहे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या तक्रारवाल्या ताई, टेलिफोन कंपनीतले त्यांचे सहकारी, आणि एके काळी भांडायला आलेले व आज टाळ्या वाजवायला आलेले माझ्यासारखेच ग्राहक बंधुभगिनी,

मी शिंपी. लोकांच्या गळ्याचं माप घेताना भरपूर बोलतो, पण माइक समोर आला की माझीच शिवण उसवते. सुरुवातीला सूचना झाली की सर्वांनी फोन बंद ठेवावेत. आपण ठेवलेत, एक सोडून. तिसऱ्या रांगेत माझी बायको बसली आहे, तिच्या मांडीवरचा फोन चालू आहे. त्याची माफी मी शेवटी मागणार आहे.

झालं असं, की आमच्या गल्लीत जुन्या कंपनीची रेंज येईनाशी झाली. खिडकीत उभं राहून हॅलो हॅलो करून घसा सुकायचा. म्हणून नंबर तोच ठेवून या कंपनीत यायचं ठरवलं. आता जुनं कार्ड हिच्या माहेरच्या नावावर, आणि नव्या अर्जात मी हौसेनं लिहिलं सासरचं नाव. मग काय! माहेर म्हणतं, आम्ही पाठवणी केली. सासर म्हणतं, ही आमची नव्हेच. नंबर मधल्या मध्ये त्रिशंकू. फोन मुका.

काउंटरवरचा एक भला माणूस म्हणाला, "काका, कशाला जिवाला घोर? नवा नंबर घ्या. लक्षात राहील असा देतो."

ते ऐकून ही तिथंच रडायला लागली. तेव्हा आतल्या टेबलावरून ताई उठून आल्या. "मावशी, काय झालं?"

आमचा मुलगा बोटीवर कामाला होता. एका बंदरात उतरला, तो परत बोटीवर चढलाच नाही. पुढचं कुणालाच ठाऊक नाही. लहान असताना बाजारात नेण्याआधी ही त्याच्याकडून नंबर घोकून घ्यायची. "हरवलास तर काय सांगशील?" तो धडाधड म्हणायचा, शेवटचा आकडा तर ओरडूनच. अध्यक्ष महोदय, आता तुम्हीच सांगा, पोर खरंच हरवल्यावर आईनं नंबर बदलायचा?

ताईंनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. दोन्ही कंपन्यांच्या माणसांना एकाच लाइनवर घेतलं आणि म्हणाल्या, "आता एकमेकांशी बोला. नावाचा घोळ मिटेपर्यंत मी फोन ठेवणार नाही." संध्याकाळी घरात फोन वाजला. "मावशी, ऐकू येतंय का?" समोरून "येतंय" असं ऐकल्याशिवाय ताई तक्रार मिटवत नाहीत. तुम्ही सहकारी त्यावरून त्यांना चिडवता, हेही मला माहीत आहे.

आमची मात्र त्यांनी कधी मिटवलीच नाही. अजूनही अधूनमधून फोन करतात. "मावशी, ऐकू येतंय का?" रिंग वाजली की ही हातातलं टाकून धावते. दूध उतू जातं, नळ वाहत राहतो. आणि खोटं कशाला बोलू, ताईंचा आवाज ऐकला की तिचा चेहरा उतरतो. मला ते बघवत नाही. एकदा म्हटलं, ताईंना सांगतो, नका करत जाऊ. तर ही म्हणाली, "नका सांगू. त्यांचा लागतो, म्हणजे त्याचाही लागेल."

ताई, उद्यापासून त्या टेबलावर दुसरं कुणी बसेल. तुम्ही सुखानं विश्रांती घ्या, हक्क आहे तुमचा. पण आमच्या घरी फोन तेवढा करत जा. दुसरं काही मागणं नाही.

आयोजकांनी एका शिंप्याला बोलू दिलं, त्यांचे आभार. कुठे टाका चुकला असेल तर पदरात घ्या. आणि आता ती राहिलेली माफी. कार्यक्रमात मध्येच तो फोन वाजलाच, तर कृपा करून कपाळाला आठ्या घालू नका. अध्यक्षांचं भाषण चालू असलं तरी जरा थांबा. तिला ऐकू येऊ द्या.